मोबाईलवरचा निरोप्या



"माझ्या उसाला तोड कधी?" हा प्रश्न हंगामात दिवसाकाठी किती वेळा ऐकावा लागतो, ते चिटबॉयला विचारा! आता हाच प्रश्न व्हॉट्सअॅपवर टाकला की उत्तर देणारा ‘चॅटबॉट’ बनवता येतो. तो चालतो कसा, हे सभासदांनी समजून घेतले पाहिजे. कारण त्यातून मिळणारा आकडा आपल्या घामाचा असतो.

मेटा कंपनीने मे २०२२ मध्ये ‘क्लाउड एपीआय’ ही सोय सर्व व्यवसायांना खुली केली. रीत साधी आहे. सभासदाने मेसेज पाठवला की व्हॉट्सअॅप आपल्या सर्व्हरच्या ठरलेल्या पत्त्यावर वर्दी देते. पत्त्याला ‘वेबहुक’ म्हणतात, वर्दीला ‘इव्हेंट’. वर्दी केवळ मेसेजचीच नसते. आपले उत्तर गेले, पोचले, वाचले की फसले, याचीही येते. म्हणून पहिले काम निवडीचे. ‘वाचले’ या वर्दीलाही उत्तर देत बसला, तर गडी स्वतःशीच बोलत सुटेल!

दुसरे काम पोच देण्याचे. वर्दी येताच सर्व्हरने ‘२००’ हा आकडा परत पाठवायचा, रजिस्टर नंतर चाळायचे. पोच मिळाली नाही तर तीच वर्दी पुन्हा येते. खरी गोम इथेच आहे. एखाद्याने २ एकर लागणीची नोंद कळवली आणि वर्दी दोनदा आली, तर २ चे ४ एकर होतील. त्यावर तोडणी कार्यक्रम बसला तर शेजाऱ्याची पाळी मागे सरकेल. म्हणून प्रत्येक मेसेजचा क्रमांक टिपून ठेवायचा आणि तोच पुन्हा आला तर सोडून द्यायचा. एक काटापावती दोनदा खतावत नाहीत, तसेच हे.

तिसरे, वर्दी खरी की खोटी? प्रत्येक वर्दीसोबत गुप्त किल्लीने केलेली सही येते. ती जुळल्याशिवाय वर्दी आत घ्यायची नाही. शिवाय खात्याला नोंदवलेल्या नंबरवरच त्या खात्याची माहिती द्यायची. एकाच्या फोनवर दुसऱ्याचे बिल दिसू लागले तर गावात भांडणे लागतील.

सभासदाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तास मोकळेपणी उत्तर देता येते. पुढे फक्त आधी मंजूर करून घेतलेला नमुनाच पाठवता येतो. तेव्हा "बिल जमा झाले" हा नमुना हंगामाआधीच मंजूर करून ठेवलेला बरा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे वेगळा लेखी करार नसेल तर ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज. यंत्राने "काम चालू आहे" म्हटले म्हणून ही मुदत वाढत नाही. यंत्राला न कळलेला प्रश्न माणसाकडे गेला पाहिजे, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना गटऑफिसचे दार उघडे राहिले पाहिजे.

मोबाईलवर आकडा आला तरी काटापावती टाकून देऊ नका. दोन्ही ताडून पाहा. फरक दिसला तर त्याच दिवशी शेतकी खात्याला कळवा.