पत्ता टाइप करण्याच्या तऱ्हा

ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये वेबसाइटचा पत्ता टाइप करण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते. कोणी पहिली दोन अक्षरे लिहून ब्राउझरने पुढे केलेली ओळ उचलतो. कोणी नुसते नाव टाकून बाकीचे सर्च इंजिनवर सोपवतो. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून इंटरनेट शिकलेली पिढी मात्र अजूनही आधी तीनदा डब्ल्यू दाबते.

या तीन डब्ल्यूंची तांत्रिक सक्ती कधीच नव्हती. एकाच संस्थेचे अनेक संगणक जाळ्यावर असत. त्यांतल्या ई-मेलच्या संगणकाला 'मेल', फायली पुरवणाऱ्याला 'एफटीपी' आणि वेबच्या संगणकाला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' म्हणायचा रिवाज पडला, एवढेच. आज बहुतेक साइट दोन्ही प्रकारे उघडतात. पण ती सोय साइट चालवणाऱ्याला करून ठेवावी लागते. तो विसरला, की एका पत्त्यावर साइट उघडते आणि दुसऱ्यावर नाही. तेव्हा जुन्या पिढीची सवय अगदीच वाया गेलेली नाही. 'एचटीटीपी'नंतरच्या दोन तिरप्या रेघांची गोष्ट याहून गमतीची. त्या घातल्या नसत्या तरी चालले असते, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच २००९ मध्ये कबूल केले. आता ती सुरुवात ब्राउझर स्वतःच लावतो. २०२१ पासून क्रोम टाइप केलेल्या पत्त्यासाठी आधी सुरक्षित 'एचटीटीपीएस' आजमावतो.

मोठा बदल झाला तो २००८ मध्ये. तोवर पत्त्याची चौकट आणि शोधाची चौकट सहसा वेगळी असे. गुगलने क्रोम आणला आणि त्यात दोन्हींची एकच चौकट केली. पत्ता लिहिणे आणि शोधणे यांतला फरक अनेकांना तसाही कधी जाणवला नव्हता. २०१० मध्ये 'फेसबुक लॉगिन' असे शोधणाऱ्यांना गुगलच्या यादीत रीडराइटवेब या साइटवरचा एक लेख वरच दिसू लागला. कित्येक जण तेच फेसबुक समजून तिथे पोचले आणि हे नवे रूप आवडले नाही, जुने परत द्या, अशा तक्रारी लेखाखाली लिहू लागले. शेवटी संपादकांना 'हे फेसबुक नव्हे' अशी ठळक सूचना लावावी लागली. २०२१ मध्ये तर युरोपीय न्यायालयात गुगलच्या वकिलांनी सांगितले, की बिंग या प्रतिस्पर्धी सर्च इंजिनवर सर्वाधिक शोधला जाणारा शब्द 'गुगल' हाच आहे.

शोधून जाण्यात गैर काही नाही, पण यादीत सर्वांत वर अनेकदा जाहिरात असते आणि ती जागा पैसे मोजून घेतलेली असते. टाइप करणाराही निर्धास्त नाही. 'डॉट कॉम'मधला ओ सुटला, की 'डॉट सीएम' होते, आणि ते कॅमेरून देशाचे. २००६ मध्ये तिथल्या नोंद नसलेल्या नावांवर चुकून येणारे सगळे पाहुणे जाहिरातींच्या पानाकडे वळवले गेले. लोकांची बोटे कुठे घसरतात हे हेरून तशी नावे आधीच नोंदवून ठेवण्याचा धंदा जगभर चालतो.

यावर उपाय पत्ता वाचण्याचा, आणि मराठी माणसाला तो अवघड नाही. टपालाचा पत्ता गाव, तालुका, जिल्हा असा लहानाकडून मोठ्याकडे जातो. वेबचा पत्ताही तसाच. सातबाऱ्यासाठीच्या 'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' या पत्त्यात शेवटी भारत, त्याआधी सरकार, त्याआधी महाभूमी आणि सुरुवातीला ती विशिष्ट सेवा. 'जीओव्ही डॉट इन' फक्त सरकारी संस्थांना मिळते, पण ते पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी असायला हवे. त्यानंतर आणखी 'डॉट अमुक डॉट कॉम' जोडलेले असेल, तर गाव ओळखीचे आणि जिल्हा भलताच.

बँकांच्या बाबतीत हे ओळखणे आता सोपे झाले आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नावावर जाण्यास सांगितले. ही नावे हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते. स्टेट बँकेचा पत्ता आता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' असा आहे. ब्राउझरला बँकेचा जुनाच पत्ता पाठ असेल, तर नवा एकदा नीट टाइप करून बुकमार्क करून ठेवावा.