घरूनच काम

पुणे, एप्रिल 2020

सकाळी 6.30. दूध घ्यायला गेटपर्यंत. कामवाल्या मावशींना सोसायटीत बंदी, म्हणून कालची भांडी अजून सिंकमध्येच.

9.00. लॉगिन. हॉलमध्ये त्याच वेळी ‘रामायण’. 28 मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा सुरू झालंय. ‘आई, आवाज जरा कमी करता का?’ आई दोन मिनिटं कमी करतात.

माझं टेबल बेडरूममध्ये, म्हणजे इस्त्रीचं टेबल. हिंजवडीहून डेस्कटॉप टेम्पोने आला, खुर्ची आली नाही. परदेशी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या आमच्यासारख्यांना घरी बसवायचं तर कंपनीला एरवी सरकारकडे सुरक्षा ठेव ठेवावी लागे. दूरसंचार खात्याने ती अट 13 मार्चला तात्पुरती उठवली. कंपनीचा खर्च वाचला. आमच्या वीजबिलाचं कोण बघणार, हे कुठल्याच मेलमध्ये नाही. पगारदाराला प्राप्तिकरात 50 हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यातच सगळं आलं म्हणे.

11.00. मीटिंग. कॅमेरा चालू ठेवायचा, असा नवा फतवा. मागे वाळत घातलेले कपडे दिसतात म्हणून मी भिंतीकडे सरकते. नवऱ्याचीही मीटिंग, तो बाथरूममध्ये बसून बोलतो. तिथे रेंज नाही, पण दार लागतं.

1.30. वरण-भात. स्क्रीनवर पाच मिनिटं हालचाल नसली की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. त्यामुळे डाव्या हाताने माउस, उजव्या हाताने घास.

4.00. चहा, आईंना, नवऱ्याला, मुलाला. ऑफिसात याच वेळी आम्ही तिघी टपरीवर जायचो. तिथे मला कोणी ‘अगं, साखर संपलीय’ म्हणत नसे. वारजे ते हिंजवडी स्कूटरवरचा तास वाचला, असं सगळे सांगतात. तो तास एकटीचा होता, हे आत्ता कळतंय. वाचला तो कंपनीचा.

6.00. कागदोपत्री सुट्टी.

7.30. अमेरिकेत सकाळचे दहा. ‘तू घरीच आहेस ना, मग कॉलला ये.’ ‘घरीच आहेस ना’ हे वाक्य सासर आणि मॅनेजर, दोघांनाही सारखंच जमतं. पोळ्या नवऱ्याने लाटल्या, जाड, पण लाटल्या.

9.30. पासवर्डची मुदत उद्या संपतेय. हेल्पडेस्कला फोन.

‘मॅडम, ऑफिसच्या नेटवर्कवर येऊन बदलावा लागेल.’

‘ऑफिस बंद आहे.’

‘हो ना, मीपण घरूनच बोलतोय. तिकीट टाकून ठेवा.’

‘कशावरून टाकू? उद्या लॉगिनच होणार नाही.’

‘मग आजच टाका, मॅडम.’