नको झालेली वस्तू

विषय ऐकून आपल्यापैकी काही मंडळी मनात हसली असतील. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. दुकानात उचललेली आणि मग नकोशी झालेली वस्तू कोठे ठेवावी, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती संघटनेच्या कामातच.

मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या मुलामुलींची सभा आम्ही एकदा रात्री दहाला ठेवली होती. अकरा वाजत आले तरी निम्मी मंडळी आली नव्हती. आल्यावर एका मुलीने सांगितले, "काका, दुकान बंद झालं, पण परतीचा माल लावायचा राहिला होता." परतीचा माल म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळले. बिस्किटांच्या फळीवर ठेवलेला शांपू, तांदळाच्या पिशव्यांवर टाकलेले बनियन, साबणामागे दडवलेले पनीर. एकेक वस्तू हुडकायची आणि तिच्या जागी नेऊन लावायची. त्या तासाची मजुरी त्यांना मिळत नव्हती. ती मिळवून देणे हे आमचे काम, ते आम्ही करू. पण तो तास वाढवला कोणी? त्यात आपलाही हात आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. वाणी माल काढून देई, नको म्हटले की तोच परत ठेवी. 1916 साली अमेरिकेत मेंफिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिग्ली विग्ली' नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकालाच मालाच्या फळ्यांपर्यंत सोडले. नोकर कमी लागू लागले. पुढे 1937 साली ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याच्या ध्यानात आले की, टोपली जड झाली की बायका खरेदी आवरती घेतात. त्याने टोपल्यांना चाके लावली. हाताला भार कळेनासा झाला की जास्त उचलले जाणार, आणि जास्त उचलले की नको होणारही जास्त! माल काढण्याचे नोकराचे अर्धे काम आपण हौसेने पत्करले. जागेवर ठेवण्याचे उरलेले अर्धे मात्र त्याच्याच माथी राहिले.

कोरडी, न उघडलेली वस्तू असेल आणि जागा आठवत असेल, तर चार पावले मागे जाऊन तेथेच ठेवावी. आठवत नसेल तर बिलाच्या ठिकाणी "हे नको" म्हणून द्यावी. एके ठिकाणी जमलेला माल एका फेरीत लागतो. विखुरलेला आधी शोधावा लागतो.

दूध, पनीर, गोठवलेले मटार यांची गोष्ट निराळी. गोठवलेला माल उणे 18 अंशांवर ठेवतात, दूधदुभते 5 अंशांच्या आत. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. साबणामागचे पनीर टाकूनच द्यावे लागते. त्याहून वाईट म्हणजे तासाभराने ते गुपचूप थंड कपाटात परत ठेवणे. बाहेरून काही कळत नाही, आणि ते कोणाच्या तरी लेकराच्या ताटात जाते. असा माल तेथल्या माणसाच्या हाती द्यावा आणि किती वेळ बाहेर होता ते खरे सांगावे.

मग आपण दडवतो का? आळस आहेच. पण मी त्या मुलीला विचारले, असा माल सर्वांत जास्त कोठे सापडतो? ती म्हणाली, "बिलाच्या रांगेपाशी. महिनाअखेरीला तर फारच."

रांगेत उभा राहिल्यावर माणूस मनाशी बेरीज करतो, खिशातल्या नोटा आठवतो आणि तेलाची पिशवी हळूच चॉकलेटांच्या मागे सरकवतो. मीही हे केले आहे. बरोबर बायको होती. तिने पाहून न पाहिल्यासारखे केले. हजारांच्या सभेत मजुरी कमी पडते म्हणून ओरडणारा मी, पण बिल करणाऱ्या पोरीसमोर "एवढे पैसे नाहीत" हे शब्द तोंडातून निघेनात.

हे मी त्या मुलीला सांगितले, तेव्हा ती हसली. म्हणाली, "काका, आमच्या घरी काय वेगळं चालतं? हातात दिलं असतं तर मी ते बाजूच्या टोपलीत टाकलं असतं आणि पुढचं बिल केलं असतं."