गुपित न सांगता पटवायचं कसं? झिरो-नॉलेज प्रूफ आणि क्रिप्टोमधली प्रायव्हसी

पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्या एका मुलीनं मला मध्यंतरी विचारलं, "ताई, क्रिप्टो तर निनावीच असतं ना? मग त्यात प्रायव्हसीवर आणखी संशोधन कशाला?"

प्रश्न चांगला आहे, पण त्यातलं गृहीतक चुकीचं आहे. आजचा लेख तिच्यासाठी, आणि या क्षेत्रात उतरायचा विचार करणाऱ्या तुमच्यासाठी. गणित फारसं लागणार नाही. हॅश फंक्शन म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे.

आधी अडचण समजून घेऊ

तुम्ही यूपीआयनं भाजीवाल्याला ८० रुपये दिलेत तर ते बँकेला कळतं, पण शेजारच्या काकूंना कळत नाही. इथेरियमवर याच्या बरोबर उलट आहे. तिथे बँक नाही, पण प्रत्येक व्यवहार जगातल्या प्रत्येकाला दिसतो, आणि तोही कायमचा. तुमचं नाव दिसत नाही हे खरं. दिसतो तो एक लांबलचक पत्ता. पण तो पत्ता तुमचा आहे हे एकदा कुणाला कळलं की तुमचा मागचा-पुढचा सगळा हिशेब उघडा पडतो. समजा तुम्ही एखाद्या परदेशी ग्राहकाचं काम केलंत आणि त्यानं पैसे क्रिप्टोत दिले. आता त्याला तुमची शिल्लक दिसते, दुसरे ग्राहक किती देतात तेही दिसतं. पुढच्या वेळी भाव ठरवताना तो हे विसरेल असं वाटतं का?

बिटकॉइनचे पत्ते एकत्र बांधून त्यामागचा माणूस किंवा कंपनी शोधता येते, हे सेरा माइकलजॉन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्येच दाखवलं. म्हणजे हे निनावी नाही, टोपणनावी आहे. आणि टोपणनाव एकदा फुटलं की फुटलं.

आजी आणि दोन आंबे

झिरो-नॉलेज प्रूफची कल्पना शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडली. एखादं विधान खरं आहे हे समोरच्याला पटवायचं, पण त्यापलीकडे त्याला काहीही कळू द्यायचं नाही.

समजा आजी म्हणते, "देवगडचा आंबा कुठला आणि कर्नाटकातला कुठला, मी वासावर सांगते." तुम्हाला दोन्ही सारखेच वाटतात. मग तुम्ही दोन्ही हातांत एकेक आंबा धरून तिला दाखवता, हात पाठीमागे नेता, मनातल्या मनात छापा-काटा करून आंबे बदलता किंवा तसेच ठेवता, आणि विचारता, "बदलले का?" आजी थापा मारत असेल तर तिचं उत्तर बरोबर यायची शक्यता निम्मी. वीस वेळा विचारलंत आणि वीसही वेळा ती बरोबर निघाली, तर हे निव्वळ नशिबानं घडण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक. तुम्हाला पटलं. पण देवगडचा कुठला हे मात्र अजूनही कळलेलं नाही.

आता खरी गंमत. या खेळाचा व्हिडिओ काढून तुम्ही मला पाठवलात तर मला तो पटेल का? नाही. कारण तुम्ही दोघं आधी संगनमत करून अगदी तसाच व्हिडिओ बनवू शकता. विचित्र वाटेल, पण 'शून्य ज्ञान' याची व्याख्या नेमकी इथेच दडली आहे. गुपित माहीत नसतानाही हुबेहूब तसा संवाद घरबसल्या रचता येत असेल, तर त्या संवादातून गुपित बाहेर पडलेलं असूच शकत नाही. पेपरांमध्ये 'सिम्युलेटर' हा शब्द येतो तो हाच. मला हे समजायला एक अख्खं सेमिस्टर लागलं, त्यामुळे पहिल्या वाचनात नाही कळलं तर घाबरू नका.

ब्लॉकचेनवर मात्र समोर बसून प्रश्न विचारणारं कुणी नसतं, आणि हजारो संगणकांना एकाच सिद्धतेवरून पटवायचं असतं. त्यावर मुख्यतः दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रश्न कुठला हे हॅश फंक्शनला ठरवू द्यायचं. ही फियाट आणि शमीर यांची १९८६ ची युक्ती. दुसरा म्हणजे काही यादृच्छिक संख्या गुप्तपणे निवडून त्यांच्यावर आधारलेले पॅरामीटर आधीच जाहीर करायचे आणि मूळ संख्या नष्ट करायच्या. येन्स ग्रोथ यांची २०१६ ची ग्रोथ१६ ही पद्धत दुसऱ्या प्रकारची. तिची सिद्धता अवघ्या काहीशे बाइटची असते. किंमत ही, की त्या मूळ संख्या कुणी जपून ठेवल्या तर त्याला खोट्या सिद्धता बनवता येतात. म्हणून हे काम एका माणसावर न सोपवता अनेकांनी मिळून करायचं असतं. त्यातल्या एकानं जरी आपला वाटा प्रामाणिकपणे नष्ट केला तरी पुरतं.

प्रत्यक्षात हे वापरतात कसं?

उदाहरण म्हणून २०१९ मध्ये इथेरियमवर आलेलं टॉर्नेडो कॅश घेऊ. रचना इतकी आटोपशीर आहे की शिकायला याहून बरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पैसे भरताना तुमचा संगणक दोन यादृच्छिक संख्या निवडतो. एकीला 'गुपित' म्हणू, दुसरीला 'नलिफायर'. दोन्हींचा मिळून हॅश काढला की तयार होते 'कमिटमेंट'. तुम्ही १ इथर आणि ही कमिटमेंट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टकडे देता. कॉन्ट्रॅक्ट ती मर्कल ट्रीचं एक पान म्हणून जोडून ठेवतं. या झाडाची उंची २०, म्हणजे पानं जास्तीत जास्त १०,४८,५७६. हो, आजीच्या आंब्यांचीच संख्या.

काही दिवसांनी तुम्ही अगदी नव्या पत्त्यावर पैसे काढता. तेव्हा तुमची सिद्धता एवढंच म्हणते: "या झाडातल्या कुठल्यातरी एका पानामागचं गुपित आणि नलिफायर मला माहीत आहे, आणि त्या नलिफायरचा एकट्याचा हॅश हा असा आहे." पान कुठलं, ते सांगितलेलं नाही.

मग तेच पैसे दोनदा काढले तर? नलिफायरचा हॅश कॉन्ट्रॅक्टच्या वहीत नोंदला जातो. तोच पुन्हा आला की नकार. इथे थांबून स्वतःला विचारा: हे पान वापरलं गेलं अशी सरळ खूण का नाही करायची? कारण मग भरणारा आणि काढणारा यांची जोडी लगेच जुळते. आपल्याला खूण अशी हवी, की ती त्याच ठेवीतून येईल पण त्या ठेवीशी जोडता येणार नाही. दोन संख्या घेण्याचं कारण हे.

आणखी दोन बारकावे. पैसे कुठल्या पत्त्यावर जायचे ते सिद्धतेतच बांधलेलं असतं, नाहीतर रांगेत थांबलेली तुमची सिद्धता उचलून कुणीही आपला पत्ता चिकटवला असता. आणि नव्या पत्त्यावर फी भरायलाही इथर नसतं. ते जुन्या पत्त्यावरून पाठवलंत की सगळं मुसळ केरात. म्हणून 'रिलेअर' नावाचा मध्यस्थ तुमच्या वतीनं व्यवहार पाठवतो आणि फी त्याच रकमेतून कापून घेतो.

गणित बरोबर, तरीही तीन ठिकाणी फटका

संशोधनाचा विषय इथून सुरू होतो.

पहिली जागा: गर्दी. वारीत माणूस सापडत नाही, कारण भोवती लाखो माणसं असतात. भर दुपारी रिकाम्या मैदानावर तोच माणूस लांबूनही दिसतो. म्हणूनच टॉर्नेडोमध्ये इथरसाठी रकमा ठरलेल्या होत्या: ०.१, १, १० आणि १००. सगळ्यांचा गणवेश एकच. पण तुम्ही भरून पाच मिनिटांत काढलेत, किंवा जुन्याच पत्त्यावर काढलेत, तर सिद्धता कितीही परिपूर्ण असली तरी अंदाज बांधणं सोपं. झीकॅशबाबत २०१८ मध्ये हेच दिसलं. वापराच्या ठरावीक पद्धतींवरून साधे नियम बनवून संशोधकांनी तिथल्या गर्दीचा मोठा भाग बाजूला काढून दाखवला.

दुसरी जागा: सर्किट. सिद्ध करायचं विधान आपण अटींच्या स्वरूपात लिहितो, त्याला सर्किट म्हणतात. त्यासाठीच्या सर्कॉम भाषेत '=' लिहिलं की किंमत नुसती मोजली जाते. '<==' लिहिलं की किंमत मोजली जाते आणि ती तेवढीच असली पाहिजे अशी अटही लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये लक्षात आलं, की टॉर्नेडो वापरत असलेल्या हॅशच्या सर्किटमध्ये एका ओळीत '<==' ऐवजी '=' होतं. म्हणजे हॅशच्या निकालावर अटच नव्हती, आणि कधीच न भरलेल्या ठेवीची 'सिद्धता' देता येत होती. चोर यायच्या आधी विकसकांनी हाच दोष वापरून स्वतःच सगळे पैसे बाहेर काढले आणि ते वापरकर्त्यांसाठी सुरक्षित केले.

हे वाचून हसू नका. दुसऱ्या वर्षात मी लिहिलेल्या सर्किटमध्ये हीच चूक होती आणि माझ्या सगळ्या टेस्ट पास होत होत्या. गाइडनं एकच प्रश्न विचारला, "खोटं बोलून पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. माझ्या सगळ्या टेस्ट प्रामाणिक माणसाच्या होत्या. अट सुटली तर प्रामाणिक माणसाला काहीच जाणवत नाही, जाणवतं ते फक्त लबाडाला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा लबाडाच्या बाजूनं टेस्ट लिहिली, आणि ती दहा मिनिटांत 'यशस्वी' झाली.

तिसरी जागा सगळ्यात भीतिदायक: खुद्द पेपर. झीकॅश २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा ते एका नामांकित गटाच्या पद्धतीवर उभं होतं. मार्च २०१८ मध्ये तिथल्याच एरियल गॅबिझॉन यांच्या लक्षात आलं, की पेपरात वर्णन केलेल्या सेटअपमध्ये काही जादा घटक जाहीर होतात. ते लागत तर नाहीतच, उलट त्यांच्या मदतीनं खोटी सिद्धता बनवता येते, म्हणजे शून्यातून नाणी पाडता येतात. ही गोष्ट मोजक्याच लोकांत ठेवून ऑक्टोबर २०१८ च्या अपग्रेडमध्ये दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती जाहीर केली गेली.

इतकी वर्षं हे निसटलं कसं? त्या पद्धतीची स्वतःची वेगळी सुरक्षा-सिद्धताच लिहिलेली नव्हती. आधीच्या एका पद्धतीशी तिचं साम्य आहे, म्हणून तिथली सिद्धता इथेही चालेल, असा भरवसा होता. 'साधारण तसंच आहे' या तीन शब्दांवर पैसे उभे होते.

आणि यातली सगळ्यात बोचरी गोष्ट बघा. दोषाचा गैरफायदा घेतल्याचा पुरावा मिळाला नाही. पण साधन खासगी असल्यामुळे आतले व्यवहार तपासून शंभर टक्के खात्री करणंही शक्य नव्हतं. आत गेलेली आणि बाहेर आलेली एकूण रक्कम जुळते का, एवढंच पाहता येत होतं. जो पडदा वापरकर्त्याला झाकतो तोच बनावट नाण्यालाही झाकतो. प्रायव्हसीवर काम करणार असाल तर हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवा.

कायद्याचं काय?

पडद्याआड चोरही येतात. उत्तर कोरियाशी जोडलेल्या लाझारस गटानं चोरीचा पैसा फिरवायला टॉर्नेडो वापरलं, असं सांगून अमेरिकेच्या अर्थखात्यानं ८ ऑगस्ट २०२२ रोजी त्यावर निर्बंध घातले. गिटहबवरून कोड उतरवला गेला. तेव्हा जॉन्स हॉपकिन्सचे प्राध्यापक मॅथ्यू ग्रीन यांनी तो शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी पुन्हा प्रसिद्ध केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं म्हटलं, की कुणालाच बदलता न येणारा कॉन्ट्रॅक्ट ही निर्बंधांच्या कायद्यातली 'मालमत्ता' होत नाही. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. विकसक मात्र सुटले नाहीत: अ‍ॅलेक्सी पेर्ट्सेव यांना नेदरलँड्समध्ये मे २०२४ मध्ये ६४ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली.

संशोधकांचं उत्तर गणितातूनच यायला लागलं आहे. विटालिक ब्युटेरिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये 'प्रायव्हसी पूल्स' ही कल्पना मांडली. तिथे तुम्ही आणखी एक गोष्ट सिद्ध करता: "माझी ठेव या स्वच्छ ठेवींच्या यादीतली आहे." कुठली, ते तरीही सांगत नाही. पण ही यादी कुणी बनवायची? आणि चुकून कुणी बाहेर राहिला तर त्यानं दाद कुठे मागायची? हे प्रश्न अजून मोकळे आहेत, आणि त्यांना एकट्या गणितज्ञाचं उत्तर पुरणार नाही.

सुरुवात कुठून कराल?

तीन कामं सुचवते. एक, आंब्यांचा खेळ घरी खरोखर खेळा, आणि व्हिडिओ का पटत नाही ते स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहा. दोन, 'मला या हॅशमागची संख्या माहीत आहे' एवढंच सिद्ध करणारं छोटं सर्किट लिहा, त्यातली एक अट मुद्दाम काढा आणि स्वतःलाच फसवून दाखवा. तीन, कुठलाही पेपर वाचताना 'सिद्धता आधीच्या पेपरासारखीच' असं दिसलं, की तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि ती सिद्धता बसून पूर्ण लिहून काढा.

तिसरं काम कंटाळवाणं आहे. नव्याण्णव वेळा सिद्धता खरंच सारखी निघेल. शंभराव्या वेळी नाही निघाली, तर तो तुमचा पहिला पेपर असेल.