यकृतातली गाठ अवघड जागी असेल, तरी सुईने जाळता येते का?

यकृतात गाठ म्हटलं की मोठं ऑपरेशनच डोळ्यांसमोर येतं. पण गाठ साधारण 3 सेंमीपर्यंत असेल, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत, त्वचेतून सुई घालून ती उष्णतेने जाळता येते. हेच थर्मल अ‍ॅब्लेशन.

खरी अडचण जागेची. गाठ आतड्याला खेटून असेल, तर मध्ये ग्लुकोजचं सलाईन सोडून आतडं बाजूला सारतात. मोठ्या रक्तवाहिनीजवळ वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं, म्हणून तिथे मायक्रोवेव्ह जास्त उपयोगी. मुख्य पित्तनलिकेजवळ मात्र डॉक्टर सहसा हे टाळतात.

या उपचारासाठी बारामती-इंदापूरच्या रुग्णाला पुणे-मुंबई गाठावं लागू शकतं. सोनोग्राफी मात्र जवळच होते. सिरोसिस असेल तर ती दर 6 महिन्यांनी कराच. गाठ लहान असताना सापडली, तरच सुईचा पर्याय हातात राहतो.