गालिच्याखालचं 'ते'

गेल्या जूनमध्ये माझा शनिवारचा फ्रेंचचा तास गेला. वेळापत्रक लागलं तेव्हा चार ते सहाच्या चौकटीत 'टेफ कॅनडा – इंटेन्सिव्ह', म्हणजे कॅनडासाठीच्या फ्रेंच परीक्षेची तयारी, असं छापलेलं होतं. संस्थेचे संचालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि अतिशय नम्र. म्हणाले, "मॅडम, तुमच्या तासाला मुलं रमतात, पण आउटपुट दिसत नाही." पुण्यात फ्रेंच शिकायला येणारा आता कॅनडाच्या कायम रहिवासाचे गुण मोजत येतो. २०२३पासून तिथे फ्रेंच जाणणाऱ्यांची वेगळी निवड होते, तेव्हापासून तर रांगच लागली आहे. त्या रांगेवर माझा राग नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. 'आउटपुट' हा शब्द मात्र लागला.

मी स्वतः शिकले ती १९५३ सालच्या मोजेंच्या पुस्तकावरून. फ्रान्समध्ये ते जुनं झाल्यावरही आमच्याकडे पुष्कळ वर्षं चाललं. धड्यामागून धडा, नियमामागून नियम. पाठ केलं, पास झाले, शिकवायला लागले आणि जे मला शिकवलं तेच पुढे शिकवलं. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते १९९६ ते २००६ या दहा वर्षांबद्दल. लिऑंहून परतलेल्या एका मैत्रिणीने मला लेकोल दे ल्वाझीर या प्रकाशनाचं मोठ्या आकाराचं एक चित्रपुस्तक दिलं, 'ले मिस्तेर द हॅरिस बर्डिक'. मूळ पुस्तक अमेरिकन, क्रिस व्हॅन ऑल्सबर्गचं, १९८४ सालचं. 'जुमांजी'वाला तोच हा. पुस्तकाच्या सुरुवातीला एक बनाव आहे. हॅरिस बर्डिक नावाचा माणूस एका प्रकाशकाकडे येतो. १४ गोष्टी लिहिल्यात म्हणतो आणि प्रत्येकीतलं एकेक चित्र नमुन्याला ठेवून जातो. गोष्टी उद्या आणतो, असं सांगतो. तो पुन्हा येत नाही. उरतात १४ काळी-पांढरी चित्रं, प्रत्येकाखाली एक शीर्षक आणि एखाददुसरं वाक्य. तळघरातलं इवलंसं दार. भिंतीवरच्या कागदातून सुटू पाहणारा पक्षी. व्हेनिसच्या कालव्यात घुसलेलं अजस्र जहाज. खुर्चीसकट हवेत तरंगणारी जोगीण, आणि तिच्याखालच्या ओळीत चक्क फ्रान्सचा उल्लेख! एवढा शकुन मला पुरला. सगळी पानं झेरॉक्स करून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि हरवलेल्या गोष्टी मुलांकडून फ्रेंचमध्ये लिहून घ्यायला वर्गात नेली.

फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येकाचं घोडं अडतं ते दोन भूतकाळांपाशी. अँपार्फे आणि पासे कॉम्पोझे. पाऊस पडत होता, हा अँपार्फे. दार उघडलं, हा पासे कॉम्पोझे. मराठी मुलाला यात अडायचं कारण नाही, हा फरक तो घरी रोजच करतो. पण व्याकरणाच्या पुस्तकात रिकाम्या जागा भरताना कान बंद होतो आणि नियम शोधायला लागतो. बर्डिकच्या चित्रांनी तो कान उघडला. चित्रात जे दिसतं ते सगळं अँपार्फे : दिवा जळत होता, मुलगी झोपली होती, खिडकी उघडी होती. जे दिसत नाही, जे बर्डिक बरोबर घेऊन गेला, ते पासे कॉम्पोझे. हे मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. तिसऱ्या शनिवारपर्यंत मुलांनीच शोधून काढलं.

आता गालिच्याचं चित्र. चष्मेवाल्या माणसाने दोन्ही हातांनी खुर्ची डोक्यावर उगारली आहे, आणि समोर गालिच्याखाली काहीतरी टेंगूळ आलेलं आहे. वर्गात भांडण जुंपलं, त्याला 'इल' (तो) म्हणायचं की 'एल' (ती)? इंग्रजी माध्यमातल्यांनी 'इल' ठोकून दिलं. सासवडहून एसटीने येणारा, बीकॉमचा एक मुलगा तोवर वर्गात क्वचितच बोलला होता. तो उभा राहिला. "मॅडम, फ्रेंचमध्ये 'ते' नाही का?"

नाही. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही. काय आहे ते कळायच्या आधी मराठी माणूस 'ते' म्हणून मोकळा होतो. 'ते हललं', बस्स. मी त्याला 'सा' हे सर्वनाम सांगितलं. आमच्या पुस्तकात 'बोलीभाषेत वापरतात' एवढ्यावर त्याची बोळवण केलेली होती. त्याने वहीत लिहिलं, 'सा आ बूजे'. ते हललं. वर्गात एकदम शांतता झाली. एका सर्वनामाने अंगावर काटा येतो, हे मी शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदा पाहत होते.

पुढच्या शनिवारी त्याने १४ ओळी आणल्या. गालिच्याची सतरंजी झाली होती. सतरंजीवर बहिणीच्या लग्नाची बैठक बसलेली. पाहुणे आकडा बोलत नाहीत, चहा पितात. प्रत्येक घोटाबरोबर सतरंजीखालचं 'ते' फुगत जातं. खुर्ची उगारणारा माणूस बाप. हुंड्याला फ्रेंचमध्ये 'दॉत' म्हणतात, हा शब्द त्याने कोशातून स्वतः हुडकला होता. चुका सात होत्या. मी लाल पेन उचललं नाही. आधीच्या दोन वर्षांत मी प्रत्येक गोष्ट लाल करून परत दिली होती, आणि काही मुलं मग यायचीच थांबली होती. ती चूक माझी.

स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणायचे, "कल्पनाशक्ती पोर्शनमध्ये नाही." अकरावी-बारावीची मुलं फ्रेंच घेतात ती मार्कांसाठी, त्यांना गोष्टी कशाला? खरं सांगायचं तर हा विचार फ्रान्सच्याच लोकांनी कधीच मागे टाकला होता. फ्रांसिस देबिझेरनी १९८६ साली 'लिम्मब्ल' नावाचा उपक्रम मांडला होता. वर्गाने मिळून पॅरिसमधली एक इमारत आणि तिच्यातली बिऱ्हाडं रचायची. तोही मी करून पाहिला. पोरांनी इमारतीचा वाडा केला, आणि पॅरिसच्या दारवानबाईची जागा घरमालकाच्या आत्याने घेतली. त्याच सहकाऱ्यांनी त्यावर लेखी तक्रार केली. सर, ही नोंद आता तरी होऊ द्या : तेव्हाच्या माझ्या वर्गातली निम्मी मुलं आज फ्रेंचवर जगतात. त्यातले दोघं तुमच्याच शिकवणीला होते, हेही कबूल.

उतरण २००५च्या सुमारास लागली. फ्रेंचची डेल्फ परीक्षा युरोपच्या भाषाज्ञानाच्या नव्या पायऱ्यांना जोडली गेली. त्यातल्या बी-वन या पायरीला लेखनासाठी ४५ मिनिटं, १६० शब्द. चांगली परीक्षा आहे, मी स्वतः मुलांना बसवते. पण मुलं चित्राकडे बघण्याआधी शब्द मोजायला लागली. २०११ साली स्टीफन किंगसह १४ लेखकांनी बर्डिकच्या चित्रांवर लिहिलेल्या गोष्टींचं पुस्तक अमेरिकेत निघालं. सगळे त्याचं कौतुक करत होते, मला ते कुणीतरी घरात घुसून दिवे लावून गेल्यासारखं वाटलं.

गेल्या वर्षीचा शेवटचा वर्ग १९ जणांचा होता. गालिच्याचं चित्र दिलं, मुलांनी मोबाइलवर फोटो काढला. आठवड्याने गोष्टी आल्या. व्याकरण निर्दोष, सब्जाँक्तीफची अवघड रूपंही जागच्या जागी. अकरा गोष्टींमध्ये गालिच्याखाली हरवलेली मांजर होती, आणि शेवटी सगळ्यांनी तिला कुरवाळलं. 'सा' एकाही कागदावर नव्हतं.

गंमत अशी की टेफ कॅनडाच्या लेखनातला पहिला प्रश्न काय असतो? एका बातमीची सुरुवात दिलेली असते, पुढचं तुम्ही रचायचं, किमान ८० शब्दांत. म्हणजे बर्डिकचाच खेळ! आणि माझ्या जागी बसलेल्या बॅचला त्यासाठी साचा वाटला जातो. सुरुवातीचं वाक्य तयार, पोलीस तयार, शेजाऱ्याची प्रतिक्रिया तयार. चोरी असो, अपघात असो, नाव आणि गाव तेवढं बदलायचं.

पुठ्ठ्यावरची चित्रं मी घरी आणली आहेत. मोजली तर १३ भरली. व्हेनिसचं जहाज नाही. २००३च्या पावसाळ्यात कुणीतरी 'पुढच्या शनिवारी गोष्टीसकट आणतो' म्हणून नेलं होतं, नाव मी लिहून ठेवलं नाही. ज्याच्याकडे असेल त्याने ते ठेवून घ्यावं. गोष्ट मात्र पाठवावी, चुकांसकट चालेल.