कृत्रिम हिरवळीची फुटबॉल मैदाने व बढतीची पात्रता

कृत्रिम हिरवळीचे मैदान म्हणजे नैसर्गिक गवताऐवजी प्लॅस्टिकच्या तंतूंचे आच्छादन घातलेले मैदान होय. व्यावसायिक फुटबॉलमध्ये अनेक देशांत बढती व पदावनतीची पद्धत असते. खालच्या श्रेणीतील विजेता संघ पुढील हंगामात वरच्या श्रेणीत जातो आणि तेथील तळाचे संघ खाली येतात. मात्र बढतीसाठी गुणतक्त्यातील स्थान नेहमीच पुरेसे नसते. मैदान, प्रेक्षागृह, आर्थिक स्थिती व प्रशासन यांच्या अटीही पूर्ण कराव्या लागतात. काही स्पर्धांत कृत्रिम हिरवळ निषिद्ध असल्याने विजेत्या संघांनाही आपले मैदान बदलावे लागले आहे.

रचना व मानके

सध्या प्रचलित असलेल्या, तिसऱ्या पिढीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैदानात लांब कृत्रिम तंतूंच्या मुळाशी वाळूचा थर असतो व त्यावर रबराचे बारीक कण पसरलेले असतात. वाळूमुळे आच्छादन स्थिर राहते, तर रबरामुळे पावलांचा आघात शोषला जातो. खाली खडीचा थर व पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था असते.

फुटबॉलच्या नियमावलीतील पहिला नियम मैदानाविषयी आहे. स्पर्धेच्या नियमांनी मुभा दिली असल्यास कृत्रिम पृष्ठभागावर सामना खेळता येतो; मात्र तो हिरव्या रंगाचाच असावा लागतो. म्हणजेच खेळाचा मूळ नियम कृत्रिम हिरवळीस विरोध करीत नाही. निर्णय स्पर्धेच्या आयोजकांवर सोपविलेला आहे.

फिफाने २००१ मध्ये अशा मैदानांसाठी गुणवत्ता कार्यक्रम सुरू केला. त्यात 'फिफा क्वालिटी' व 'फिफा क्वालिटी प्रो' हे दर्जे आहेत. पहिला प्रामुख्याने स्थानिक व सामुदायिक वापरासाठी, तर दुसरा व्यावसायिक सामन्यांसाठी आहे. २०१५ च्या मानकांनुसार 'प्रो' मैदानावर २ मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू ६० ते ८५ सेंटिमीटर उसळला पाहिजे. या दर्जाचे प्रमाणपत्र १ वर्षच ग्राह्य असते, तर 'क्वालिटी' दर्जाचे ३ वर्षे. त्यामुळे मैदान एकदा घालून भागत नाही. त्याची चाचणी व निगा सातत्याने करावी लागते.

इंग्लंडमधील अनुभव

इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने १९८१ मध्ये कृत्रिम मैदान घातले. ल्यूटन टाउन, ओल्डहॅम अ‍ॅथलेटिक व प्रेस्टन नॉर्थ एंड यांनी पुढे त्याचे अनुकरण केले. त्या काळातील पृष्ठभाग कठीण होता. चेंडू अवाजवी उसळे, घसरल्यास कातडी सोलवटे आणि यजमान संघास सवयीचा लाभ मिळतो अशी तक्रार होई. १९९४ मध्ये प्रेस्टनचे मैदान बदलल्यानंतर तो पहिला अध्याय संपला.

आज इंग्लिश फुटबॉल लीगच्या सामन्यांत कृत्रिम मैदान चालत नाही. तिच्या खालच्या नॅशनल लीगमध्ये मात्र चालते. त्यामुळे या दोहोंच्या सीमेवर पेच निर्माण होतो. हॅरोगेट टाउनला २०२० मध्ये बढती मिळाली तेव्हा कृत्रिम हिरवळ काढून गवत लावावे लागले व सुरुवातीचे घरचे सामने डॉनकॅस्टरच्या मैदानावर खेळावे लागले. २०२१ मध्ये सटन युनायटेडवर व २०२४ मध्ये ब्रॉमलीवर हीच वेळ आली. विशेष म्हणजे, सटनच्या याच मैदानावर फेब्रुवारी २०१७ मध्ये एफए चषकात आर्सेनलसारखा बलाढ्य संघ खेळला होता.

लहान क्लबसाठी हा केवळ गवताचा प्रश्न नसतो. कृत्रिम मैदान दिवसभर शाळांना व स्थानिक संघांना भाड्याने देता येते. गवताचे मैदान इतका वापर सोसत नाही. परिणामी बढतीबरोबर नवा खर्च येतो आणि उत्पन्नाचा एक नियमित मार्गही आटतो.

भारतातील स्थिती

भारतात आय-लीगने कृत्रिम मैदानास मुभा दिली. बंगळुरू एफसीने २०१३–१४ च्या पहिल्याच हंगामात बंगळुरू फुटबॉल स्टेडियमच्या कृत्रिम मैदानावर खेळून विजेतेपद मिळविले. २०१६–१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल एफसीने हाच मान मिळविला. त्याचे घरचे राजीव गांधी स्टेडियमही कृत्रिम हिरवळीचे होते. परंतु तेव्हा आय-लीगमधून इंडियन सुपर लीगमध्ये बढतीची तरतूदच नव्हती.

ही तरतूद २०१९ मध्ये आखलेल्या आराखड्यानुसार २०२२–२३ च्या हंगामापासून अमलात आली व पंजाबच्या संघास पहिली बढती मिळाली. तीही क्लब परवान्याच्या अटींच्या अधीन असते. हे निकष क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक अशा ५ गटांत विभागलेले आहेत. मैदानाचा विचार पायाभूत सुविधांत होतो.

महाराष्ट्रात मुंबईचे कूपरेज मैदान हे याचे ठळक उदाहरण होय. रोव्हर्स चषकामुळे प्रसिद्धी पावलेल्या या मैदानावर पुढे कृत्रिम हिरवळ घालण्यात आली व मुंबई एफसीने तेथे आय-लीगचे सामने खेळले. याच शहरात इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसी अंधेरीच्या नैसर्गिक गवताच्या मैदानावर खेळत आली आहे.

हवामान, जमीन व पर्यावरण

यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात काळी, चिकण जमीन आढळते. ती पावसाळ्यात फुगून चिखल होते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर बारमाही गवत राखण्यास भराव, निचरा व भरपूर पाणी लागते. कृत्रिम मैदान पावसात उपयोगी ठरते. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. त्यामुळे दुपारचा खेळ अवघड होतो आणि पृष्ठभाग थंड करण्यासाठीही पाणीच मारावे लागते.

रबराचे कण मैदानाबाहेर पसरून सूक्ष्म प्लॅस्टिकचे प्रदूषण होते. म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा कणांच्या विक्रीवर निर्बंध आणले. त्यासाठी ८ वर्षांची मुदत दिली आहे.

मतभेद

२०१५ ची महिला विश्वचषक स्पर्धा कॅनडात कृत्रिम मैदानांवर झाली. त्याविरुद्ध अनेक नामवंत खेळाडूंनी आदल्या वर्षी कायदेशीर तक्रार केली होती. स्कॉटलंडच्या सर्वोच्च श्रेणीतील क्लबांनी २०२६–२७ पासून अशा मैदानांवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला आहे. सर्वांना समान पृष्ठभाग मिळावा, हे बंदीच्या समर्थकांचे मत आहे. विरोधकांच्या मते फिफाने प्रमाणित केलेले मैदान अपात्र ठरविल्याने खेळाडूंनी मैदानावर मिळविलेले यश क्लबच्या आर्थिक बळावर अवलंबून राहते. दुखापतींचे प्रमाण कोणत्या मैदानावर अधिक असते, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.